न्हाणं-माखणं

शर्यतीच्या आदल्या रात्री माझी रात्रपाळी होती.
पहाटे चारला सात नंबरच्या खोलीत
प्रोबर्ट आजोबांना पुसून काढलं.
कोमट पाणी, दोन पंचे,
एक तोंडाला, एक बाकीच्या अंगाला.
ते म्हणाले, आज तू पडणार बघ.
पाच पौंड लावले त्यांनी माझ्या पडण्यावर.
पडले काय, न पडले काय,
पैसे हॉस्पिसच्याच डब्यात जायचे होते.

वेल्सच्या या कोपऱ्यात नोव्हेंबरात
जमीन म्हणावी अशी उरतच नाही,
खाली गाळ, वर मेंढ्या.
एम्लिनने उताराचं रान दिलं,
आठवडाभर ट्रॅक्टर फिरवून त्याची रबडी केली
आणि माणशी चाळीस पौंड घेऊन आम्हाला तीत सोडलं.

आम्ही पाच जण. पिवळे टी-शर्ट,
पाठीवर हॉस्पिसचा जुना, बंद पडलेला फोन नंबर.
इडवल स्वयंपाकी, गुडघ्याला पट्टा.
मेरेरिड हिशेब लिहिते,
तिने पिवळ्या शर्टांची पावतीही खिशात आणलेली.
पाद्री गेथिन, ज्याला टायरांच्या ढिगाऱ्यातच
चर्चमध्ये न चालणारे सगळे शब्द आठवले.
आणि कात्रिन.
तिची आई एप्रिलमध्ये अकरा दिवस आमच्याकडे होती.
शेवटची आंघोळ मी घातली तेव्हा
कात्रिन पाण्याचं भांडं धरून दारात उभी,
आत पाऊल टाकवेना.
पाणी निवलं, मी दुसरं आणलं,
तिच्या हातातलं तसंच राहिलं.

जाळीखालून सरपटलो.
भिंतीशी इडवल ओणवा झाला, म्हणाला, चढ,
रोज पातेली उचलतो मी.
मग तो ओढा.
ओढा कसला,
गुरांनी तुडवून ठेवलेली खोल, काळी लापशी.
पहिल्याच पावलाला बूट गेला,
दुसऱ्याला मी.
कमरेपर्यंत.
हलले की आणखी खाली,
आणि हसू असं फुटलेलं की अंगात जोरच राहिला नाही.

त्यांनी काखेत हात घातले.
गेथिन ओरडला, एक, दोन, आणि वर!
माझे शब्द.
पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर,
दिवसाला वीस वेळा म्हणते मी ते.
पुढचंही माझंच असतं,
अंग सैल सोडा, सगळा भार माझ्यावर टाका.
कात्रिन कानाशी तेच म्हणाली
आणि मला जमेना.
मान ताठ, पोट ताठ,
आपल्या वजनाची लाज वाटत राहिली.
तिसऱ्या खेपेला कुठे सुटले मी,
आणि वासरू बाहेर यावं तशी
एकदम त्यांच्या अंगावर.

शेवटून तिसरे आलो.
(मेरेरिड म्हणते, चौथे. तिने मोजलंय.)

गोठ्यामागे नळी होती,
आणि दात वाजवणाऱ्या माणसांची रांग.
माझी पाळी आली तेव्हा नळी कात्रिनने घेतली.
आधी केस. कानामागे. मग मान.
गार आहे का? तिने विचारलं.
नाही, बरंय, म्हटलं मी.
सगळे असंच सांगतात मला,
आता कळलं, सगळे खोटं बोलतात.
तिने माझी मूठ हातात घेतली,
एकेक बोट उलगडून
बेचक्यांतला चिखल काढला,
घाई न करता, पाणी वाहत असताना.
रांगेतून कुणीतरी कुरकुरलं.
ती काही बोलली नाही. मीही नाही.
आई दोघींच्याही मनात असावी,
किंवा नसेलही. फार थंडी होती.

तीन हजार दोनशे पौंड जमले.
गादीच्या पंपाला पुरतील, बहुतेक.

सोमवारी प्रोबर्ट आजोबा बहुतेक वेळ झोपेतच होते.
मी वाकून त्यांची हनुवटी पुसत होते
तेव्हा माझ्या कानातून
वाळलेल्या चिखलाचा एक कण
त्यांच्या उशीवर पडला.
त्यांनी एक डोळा उघडला.
कणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
पाच पौंड, म्हणाले.